दोघांपुरता चॉको लाव्हा: एकदा आत वाहतच नाही, एकदा सगळंच वाहून जातं

अबोली_२२

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच प्रश्न टाकतेय, जरा लांबलाय तर सांभाळून घ्या.

मला चॉको लाव्हा केक प्रचंड आवडतो, म्हणजे चमचा घातला की आतून सावकाश बाहेर येणारा तो ओघळ बघायला मिळावा म्हणूनच मी तो करते म्हटलं तरी चालेल. घरी आम्ही दोघंच. चार केले की दोन उरतात आणि दुसऱ्या दिवशी गरम करून खाल्ले तर आतलं सगळं घट्ट झालेलं असतं. म्हणून चारची रेसिपी निम्मी करून दोनच करायचे ठरवलं. चारचे मी आधी दोनदा केले होते, दोन्ही वेळा छान झाले होते, त्यामुळे निम्मे करताना काही अडेल असं मनातही आलं नव्हतं.

माझं प्रमाण असं आहे: डार्क चॉकलेट ८५ ग्रॅम, बटर ६० ग्रॅम, १ अख्खं अंडं आणि १ बलक, साखर २ टेबलस्पून, मैदा १ टेबलस्पून, चिमूटभर मीठ. चॉकलेट नि बटर मायक्रोवेव्हमध्ये वितळवते, अंडी-साखर वेगळी फेटते, दोन्ही एकत्र करते आणि शेवटी मैदा. ओव्हन २२० अंशांवर, १२ मिनिटं. सिरॅमिकचे रॅमकिन (केक भाजायच्या छोट्या वाट्या) आहेत, साधारण १५० मिलीचे.

पहिल्या वेळी १२ मिनिटांत आरपार शिजले, चवीला चांगले होते पण नुसता मऊ चॉकलेट केक, लाव्हाचं नावच नाही. दुसऱ्या वेळी घाबरून ८ मिनिटांत काढले तर प्लेटमध्ये उलटे केल्यावर दोन्ही बसलेच, कडा फाटून सगळं बॅटर पसरलं. तिसऱ्या वेळी १० मिनिटं ठेवले आणि सगळ्यात गोंधळात टाकणारा प्रकार झाला, एक अगदी हवा तसा आणि त्याच्या शेजारचा आतून पूर्ण शिजलेला. एकच बॅटर, एकच ओव्हन, एकच वेळ! आता मला कळतच नाहीये की नक्की काय बदलू. कमी प्रमाणात करायची काही वेगळी पद्धत असते का?

मोजून_मापून

अबोली, तुमचं प्रमाण एकदम बरोबर आहे, ते निम्मं करण्यात काहीच चुकलेलं नाही. पण रेसिपी निम्मी झाली म्हणून बाकीच्या गोष्टी निम्म्या होत नाहीत, आणि बहुतेक तिथेच गाडं अडतंय.

पहिली गोष्ट ओव्हनची. चार गार रॅमकिन आत गेले की ते बरीच उष्णता ओढून घेतात, आतलं तापमान खाली येतं आणि परत चढायला वेळ लागतो. दोनच गेले की ते तितकं खाली येत नाही. म्हणजे त्याच १२ मिनिटांत तुमच्या दोन केकना चार केकपेक्षा जास्त आच मिळते. ओव्हन जितका छोटा तितका हा फरक मोठा. माझ्याकडे चारला १२ मिनिटं लागतात तिथे दोनला साडेदहाच्या आसपास लागतात, तुमच्याकडे वेगळं असेल पण दिशा हीच असणार.

दुसरी गोष्ट चमचा. १ टेबलस्पून मैदा सपाट घेतला तर साधारण ८ ग्रॅम होतो, पण डब्यात चमचा बुडवून शीग भरून काढला तर १२ ते १५ ग्रॅमपर्यंत सहज जातो. या केकमध्ये मैदा मुळातच नावापुरता असतो, त्यामुळे चार-पाच ग्रॅम जास्त पडला की मधला भाग सॉससारखा न राहता केकसारखा व्हायला लागतो. मोठ्या घाण्यात एक चमचा भरगच्च आणि एक सपाट असं होऊन हिशोब आपोआप जुळतो, पण एकच चमचा घ्यायचा असेल तर त्या एका चमच्यावर सगळं अवलंबून. अंड्याचंही तेच. टरफलाशिवाय मोठं अंडं ५० ग्रॅमच्या आसपास भरतं आणि बलक साधारण १८ ग्रॅम. छोटं अंडं घेतलं तर ४० पर्यंत खाली येतं. सहा केकमध्ये लहानमोठी अंडी एकमेकांना सांभाळून घेतात, दोन केकमध्ये तसं कोणी सांभाळायला नसतं.

म्हणून माझा ठाम सल्ला, दोनच करायचे असतील तर चमचे-कप बाजूला ठेवा आणि सगळं वजनकाट्यावर घ्या. १ ग्रॅम दाखवणारा साधा काटा पुरतो. मैदा ८ ग्रॅम, साखर २५ ग्रॅम. आणि बॅटर दोन रॅमकिनमध्ये ओततानाही काट्यावर ठेवूनच ओता, डोळ्यांना सारखं दिसतं पण १०-१५ ग्रॅमचा फरक असतो, तुमच्या तिसऱ्या वेळेच्या गोंधळात त्याचा हात असू शकतो.

तीन गोष्टी सांगा म्हणजे अजून नीट बोलता येईल. रॅमकिन कुठल्या कप्प्यावर आणि कसे ठेवले होते? प्रीहीट किती वेळ केलं? आणि बाहेर काढल्यावर किती वेळाने उलटे केले?

कडक_कॉफी

अगं अबोली, मोजून_मापून दादांनी मापाचं सांगितलंय, मी चॉकलेटबद्दल सांगते कारण त्याच्याकडे कोणी बघत नाही आणि निम्मी मजा तर तिथेच आहे.

आधी पाकीट उलटं करून घटक वाच. कोको मास आणि कोको बटर लिहिलं असेल तर ते खरं चॉकलेट. वनस्पती तेल किंवा वनस्पती फॅट असं लिहिलं असेल तर ते कंपाउंड. कंपाउंड केकवर सजावट करायला ठीक आहे, टेम्परिंग (चॉकलेट ठरावीक तापमानाला गरम-गार करणं) करावं लागत नाही म्हणून सोपं पडतं, पण लाव्हासाठी नको. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं, म्हणजे तोंडात गेल्या गेल्या विरघळतं, त्यावरच तर सगळा खेळ आहे. कंपाउंडमधलं फॅट तसं वागत नाही, ओघळ जरा गार झाला की जाडसर होतो आणि टाळूला तेलकट थर बसल्यासारखं वाटतं. चोको चिप्सही नको गं, त्यात कोको बटर कमी असतं, भट्टीत आकार टिकावा म्हणूनच त्या तशा बनवलेल्या असतात. आपल्याला नेमकं उलटं हवंय.

टक्केवारी ५५ ते ६५ च्या मध्ये घे. ७० च्या वर गेलीस की कोकोचा कोरडा भाग वाढतो आणि मधला भाग दाट होतो, वाहतो पण कमी. आवडत असेल तर कर, पण मग वेळ अजून थोडा कमी करावा लागतो.

आणि मायक्रोवेव्ह! ८५ ग्रॅम चॉकलेट म्हणजे मूठभरही नाही, पाव किलोला चालणारी एक मिनिटाची सवय इथे लावलीस तर मधोमध जळून दाणेदार होतं आणि वरून दिसतही नाही. पॉवर निम्म्यावर आण, १५-२० सेकंद फिरव, बाहेर काढून ढवळ, परत १५ सेकंद. दोन-तीन तुकडे अजून दिसत असतानाच थांबव, बाकीचं ढवळता ढवळता वितळतं. बटर सोबत असेल तर जळण्याची भीती कमी होते. गरम पाण्यावर भांडं ठेवून करणार असशील तर भांड्याचं बूड पाण्याला टेकू देऊ नकोस आणि वाफेचा थेंबही आत पडू देऊ नकोस, चॉकलेटमध्ये थोडंसं पाणी गेलं की ते लगेच आवळतं, गोळा होतो. अंडी घालायच्या आधी ते मिश्रण बोटाला कोमट लागेल इतकं खाली येऊ दे, नाहीतर बलक तिथेच शिजून बारीक गाठी होतात.

अबोली_२२

किती मनापासून लिहिलंय तुम्ही दोघांनी, खूप आभार!

उत्तरं देते. रॅमकिन मधल्या कप्प्यावर जाळीवर ठेवले होते, पण एक बराच मागे, भिंतीजवळ होता आणि दुसरा दाराकडे. आता आठवतंय, मागचाच पूर्ण शिजला होता! प्रीहीट दिवा बंद होईपर्यंत केलं, म्हणजे ७-८ मिनिटं असेल. मैदा डब्यातूनच चमच्याने काढते, सपाट वगैरे करत नाही. बाहेर काढल्यावर थोडे थांबले, फोटो काढायचे होते म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या वेळी ५-६ मिनिटं रॅमकिनमध्येच राहिले असतील. दुसऱ्या वेळी मात्र लगेच उलटे केले कारण घाई झाली होती.

चॉकलेट बघितलं, घटकांत वनस्पती फॅट लिहिलंय. मला आजवर माहीतच नव्हतं.

ओव्हनपाशी

अबोली, तुमच्या या उत्तरातच सगळं सापडलं. मी हा केक बरीच वर्षं करतोय आणि माझं मत असं आहे की लाव्हा केक बिघडतो तो बहुतेक वेळा शेवटच्या पंधरा मिनिटांत, बॅटरमध्ये क्वचितच.

आत नक्की काय चाललेलं असतं ते एकदा डोळ्यांसमोर आणलं की मिनिटं पाठ करावी लागत नाहीत. अंड्याचं पांढरं ६२ अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागतं, बलक ६५ ते ७० मध्ये, साखर आणि फॅट असल्यामुळे हे आकडे थोडे वर सरकतात. उष्णता बाहेरून आत जाते, म्हणजे कडेला भिंत उभी राहते आणि मधला भाग त्या आकड्यापर्यंत पोचायच्या आत आपल्याला केक बाहेर काढायचा असतो. म्हणून ओव्हन कडक गरम हवा. कमी आचेवर सावकाश भाजलं तर कडा आणि मध्य जवळजवळ बरोबरच शिजतात, भिंत आणि सॉस असा फरकच राहत नाही.

आता तुमचे ५-६ मिनिटांचे फोटो. सिरॅमिकचा रॅमकिन जाड असतो, बाहेर काढला तरी त्याच्या भिंतीत साठलेली उष्णता आत जातच राहते. ओव्हन बंद झाला पण केकचं शिजणं थांबलेलं नाही. पाच मिनिटं म्हणजे तुम्ही त्याला ओव्हनमध्ये अजून दीड-दोन मिनिटं ठेवल्यासारखंच आहे. त्यामुळे बाहेर काढल्यावर बरोबर १ मिनिट थांबायचं, तेवढ्यात कडा जरा आवळतात आणि भांड्यापासून सुटतात. मग पातळ सुरी कडेने एकदा फिरवायची, वर प्लेट झाकायची, एका दमात उलटं करायचं, दहा सेकंद हात न लावता थांबायचं आणि रॅमकिन सरळ वर उचलायचा. दुसऱ्या वेळी तुम्ही लगेच उलटे केलेत, तेही ८ मिनिटांचे, त्यांना ते एक मिनिटही मिळालं नाही, म्हणून बसले.

मागचा शिजला आणि पुढचा झाला याचं कारण ओव्हनच्या मागच्या बाजूला जास्त आच असते, पंखा असेल तर तिथेच असतो, दार मात्र सतत थोडी उष्णता सोडत असतं. दोन्ही रॅमकिन मधोमध, दारापासून सारख्याच अंतरावर, शेजारी शेजारी ठेवा. त्यांच्यात चार बोटं जागा सोडा. जाळीपेक्षा एक बेकिंग ट्रे ओव्हनमध्येच आधीपासून तापत ठेवलात आणि त्यावर रॅमकिन ठेवलेत तर तळही पटकन धरतो, उलटल्यावर तोच वरचा भाग होतो त्यामुळे तो पक्का असलेला बरा. आणि दिवा बंद झाला म्हणजे हवा गरम झाली, भिंती नाही. छोट्या ओटीजीला (टेबलावरच्या विजेच्या ओव्हनला) १५ मिनिटं, मोठ्याला २० मिनिटं तरी द्या. पंख्याचा ओव्हन असेल तर तापमान २० अंशांनी कमी ठेवा, म्हणजे २०० ला.

आता तुम्ही काय करा, पुढच्या वेळी दोन्ही एकाच वेळी आत ठेवा पण एक ९ व्या मिनिटाला काढा आणि दुसरा १० व्या. दोन्ही एक-एक मिनिट थांबवून उलटा, कापा, बघा. एका संध्याकाळी दोन उत्तरं मिळतात. मी नवीन ओव्हन घेतला तेव्हा असंच केलं होतं, दोन वेळा केल्यावर मिनिट सापडलं आणि ते कपाटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवलंय, रॅमकिनच्या मापासकट.

घड्याळासोबत डोळेही वापरा. कडेची साधारण दीड सेंटिमीटरची पट्टी कोरडी आणि घट्ट दिसते, थोडी फुगलेली असते. मधला रुपयाच्या... म्हणजे छोट्या नाण्यापेक्षा थोडा मोठा भाग अजून जरासा मऊ, थोडा चकचकीत असतो. ट्रे हळूच हलवला तर कडा हलत नाहीत आणि फक्त मध्य थरथरतो. सगळाच पृष्ठभाग लाटेसारखा हलला तर अजून एक मिनिट. काहीच हललं नाही तर उशीर झाला, तो केक गरमच खाऊन टाका, चवीला तोही छान असतो.

निळं_झाकण

वरच्या सगळ्या गोष्टी पटल्या, फक्त फेटण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितेय. अंडी आणि साखर चांगली फिकट, दाट आणि रिबनसारखी पडेपर्यंत फेटायला हवीत, इलेक्ट्रिक बीटरने ४-५ मिनिटं. त्याने केक हलका होतो. मी कायम तसंच करते.

ओव्हनपाशी

निळं_झाकण, इथे माझं मत वेगळं आहे. बरंच फेटलं की बॅटरमध्ये हवा जाते, केक ओव्हनमध्ये सुफ्लेसारखा वर येतो आणि बाहेर काढल्यावर खाली बसतो, कधी कधी वरून चिरतो आणि त्या चिरेतून सॉस बाहेर पडतो. शिवाय हवेमुळे मधला भागही फेसाळ होतो, दाट वाहत नाही. मी हाताच्या व्हिस्कने दीड-दोन मिनिटं, साखर विरघळून रंग थोडा फिका होईपर्यंतच फेटतो.

निळं_झाकण

हो, माझा वर येतो आणि थोडा बसतो हे खरं आहे. पण मला आत फार दाट नको असतं, बाहेरचा भाग स्पंजसारखा आणि आत थोडं मूसकडे झुकणारं आवडतं. अबोली, तुला कसं हवंय त्यावर ठरव. नुसता ओघळ हवा असेल तर ओव्हनपाशी म्हणतात तसं कमी फेट. आणि एक अंडं-एक बलक इतक्या कमी मिश्रणाला मोठ्या भांड्यात बीटर लावला तर पाती नीट बुडतच नाहीत, त्यामुळे दोघांपुरतं करताना मीही छोट्या खोलगट भांड्यात हातानेच फेटते.

तिसरा_रॅमकिन

सगळं वाचून फार छान वाटलं. मी थोडं मागचं सांगतो कारण त्याचा थेट उपयोग आहे.

लाव्हा केकची खरं तर दोन वेगळी घराणी आहेत आणि आपण त्यांना एकाच नावाने हाक मारतो म्हणून रेसिपींमध्ये गोंधळ होतो. एक, फ्रान्समधल्या लागिओल इथले शेफ मिशेल ब्रास यांनी १९८१ मध्ये आणलेला कुलाँ. त्यात गोठवलेल्या गनाशचा, म्हणजे चॉकलेट-क्रीमच्या मिश्रणाचा, गोळा बॅटरच्या मध्ये ठेवून भाजतात, बाहेरचा केक पूर्ण शिजतो आणि आतला गोळा वितळतो. दुसरं, न्यूयॉर्कमध्ये शेफ जाँ-जॉर्ज वाँगरिख्टन यांनी १९८७ मध्ये लोकप्रिय केलेला प्रकार, त्यात वेगळं सारण काही नाही, एकच बॅटर आणि ते मधोमध कमी शिजवलेलं. अबोलीचं प्रमाण या दुसऱ्या घराण्याचं आहे.

दुसऱ्या प्रकारात सामान कमी आणि कष्टही कमी, पण मिनिटाची चूक चालत नाही. पहिल्यात आदल्या दिवशी गनाश करून गोठवावं लागतं, पण मग वेळ दोन मिनिटं इकडेतिकडे झाली तरी लाव्हा मिळतोच. घरी पाहुणे येणार असतील आणि हात थरथरत असेल तर मी पहिला करतो.

आणि एक फार महत्त्वाचं, दुसऱ्या प्रकारात मधलं अंडं पूर्ण शिजलेलं नसतं. अंड्याचे पदार्थ सुरक्षित व्हायला आतलं तापमान ७१ अंशांपर्यंत जायला हवं, आपण तर मुद्दाम त्याच्या आधी थांबतो. त्यामुळे गरोदर बाई, अगदी लहान मुलं, वयस्कर माणसं किंवा आजारपणातून उठलेलं कोणी असेल तर एकतर पाश्चराइज्ड (जंतू मारण्यापुरती गरम केलेली) अंडी वापरा, नाहीतर गनाशचा गोळा ठेवून केक पूर्ण शिजवा. यात मी अजिबात तडजोड करत नाही.

हिरवी_पेन्सिल

आमच्याकडे अंडं चालत नाही. दोघांपुरता बिनअंड्याचा करता येतो का? मी दूध-मैद्याचं बॅटर करून ते अर्धवट भाजलं होतं पण आतलं कच्च्या पिठासारखं लागलं, कोणीच खाल्लं नाही.

तिसरा_रॅमकिन

हिरवी_पेन्सिल, कच्च्या पिठासारखं लागलं कारण ते कच्चं पीठच होतं. अंड्याच्या बॅटरमध्ये मैदा ८ ग्रॅम असतो, बाकी चॉकलेट, बटर आणि अंडं, त्यामुळे ते कमी शिजलं तरी सॉससारखं लागतं. बिनअंड्याच्या बॅटरचा सगळा डोलारा मैद्यावरच असतो, ते अर्धवट ठेवून चालत नाही, चवीलाही नाही आणि कच्चा मैदा खाणं तब्येतीलाही बरं नाही. म्हणून तुमच्यासाठी पहिलं घराणंच.

आदल्या रात्री चॉकलेट ३० ग्रॅम आणि क्रीम २५ ग्रॅम, क्रीम उकळीच्या जवळ आणून चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं थांबा, ढवळा, गार करून फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्या आणि मग त्याचे दोन गोळे करून डीप फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी मैदा ४५ ग्रॅम, कोको पावडर १० ग्रॅम, पिठीसाखर ४० ग्रॅम, बेकिंग पावडर पाव टीस्पून, खायचा सोडा चिमूटभर, मीठ किंचित, हे सगळं एकत्र चाळून घ्या. त्यात दूध ७० मिली, वितळलेलं बटर २५ ग्रॅम आणि अर्धा टीस्पून व्हिनेगर. गुठळ्या मोडल्या की लगेच थांबा, घोटत बसलात तर केक चिवट होतो. रॅमकिनमध्ये थोडं बॅटर, मध्ये गोळा, वरून बाकीचं बॅटर, गोळा कुठूनही दिसता कामा नये. १९० अंशांवर १४-१५ मिनिटं. मधे टूथपिक घालून बघायचं नाही, तिथे लाव्हाच लागणार, कडेला घालून बघा, तिथे स्वच्छ निघाली की झालं. हा मऊ असतो, उलटताना दोन मिनिटं थांबलात तरी आतलं घट्ट होत नाही.

छोटी_सुट्टी

ओव्हन नाही, एअर फ्रायर आहे. जमेल का?

कडक_कॉफी

जमतं. पण त्यात वारा वरून जोरात येतो म्हणून वरची साय पटकन धरते आणि खालचा भाग मागे राहतो. मी १८० अंशांवर तीन-चार मिनिटं तापवून घेते आणि मग ८ मिनिटं ठेवते, जाड रॅमकिनऐवजी पातळ धातूचा साचा घेते. साचा काठोकाठ भरायचा नाही, पाऊण भाग पुरे. वरून फॉइल झाकायचा मोह होतो पण सैल फॉइल उडून वरच्या कॉइलला लागू शकतं, नकोच ते. तुझ्या मशीनला पहिल्यांदा एकच करून बघ.

आणि हे सगळ्यांसाठीच, साचा कुठलाही असो, मऊ बटर ब्रशने लाव, तळाला आणि काठापर्यंत, मग मैद्याऐवजी कोको पावडर भुरभुरव आणि उलटा करून जास्तीची झटकून टाक. मैदा लावला की केकवर पांढरे डाग दिसतात. धातूचा मफिन ट्रे वापरत असाल तर वेळ रॅमकिनपेक्षा दोन-तीन मिनिटं कमी धरा, पातळ पत्रा लगेच तापतो. सिलिकॉनमध्ये उलट, कडा उशिरा धरतात.

अबोली_२२

मंडळी, आले परत!

चॉकलेट बदललं, ५८ टक्क्यांचं आणलं. सगळं काट्यावर घेतलं. सहज म्हणून आधी माझा नेहमीचा चमचाभर मैदा मोजून बघितला तर तो १४ ग्रॅम भरला. म्हणजे आजवर जवळजवळ दुप्पट मैदा जात होता! प्रीहीट २० मिनिटं, ट्रे आतच तापवला, दोन्ही रॅमकिन मधोमध शेजारी शेजारी. हाताने दोन मिनिटं फेटलं. बॅटर एका रॅमकिनमध्ये १०८ ग्रॅम आणि दुसऱ्यात १०९ ग्रॅम.

पहिला ९ मिनिटांनी काढला. एक मिनिट थांबून उलटला, आकार धरला पण थोडा कलला, कापल्यावर आतलं अगदी पातळ, बाहेरची भिंत नाजूक. दुसरा १० मिनिटांनी. हा ताठ उभा राहिला, चमचा घातल्यावर आधी काहीच झालं नाही आणि मला वाटलं गेला हाही, आणि मग हळूहळू, दाट, चकचकीत असा बाहेर आला, प्लेटभर नाही पण केकच्या पायाशी तळं साचेल इतका. आम्ही दोघं काही न बोलता तोच एक वाटून खाल्ला, मग पहिल्यावाला. चॉकलेट बदलल्याचा फरक तर जिभेवर लगेच कळला, तो तेलकट थर अजिबात नव्हता.

मला वाटतं माझं मिनिट पावणेदहा आहे. शनिवारी परत करणार आहे, या वेळी दोन्ही एकदम काढेन आणि फोटो नंतर.

अजून दोन प्रश्न आहेत. बॅटर सकाळी करून ठेवलं तर चालेल का? आणि दर वेळी एका अंड्याचं पांढरं उरतं, त्याचं काय करता?

मोजून_मापून

वा, फार आनंद झाला! १४ ग्रॅमचं वाचून तर पहिल्या वेळचं कोडं पूर्ण सुटलं.

बॅटर सकाळी करून ठेवता येतं. रॅमकिनमध्ये भरून, घट्ट झाकून फ्रीजमध्ये, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी भाजा. बटर-चॉकलेट गारठून बॅटर घट्ट होतं, त्यात काही बिघडलेलं नसतं. भाजायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा, त्याहून फार जास्त नको, कच्चं अंडं आहे आत. थेट फ्रीजमधून ठेवलेत तर एक ते दीड मिनिट जास्त लागेल, म्हणजे तुमच्या पावणेदहाचे साधारण अकरा होतील, पण थरथर बघूनच ठरवा. गारेगार सिरॅमिक तापलेल्या ट्रेवर ठेवू मात्र नका, तडकू शकतं, त्या दिवशी जाळीच बरी.

निळं_झाकण

पांढऱ्यासाठी मी बर्फाचा छोटा ट्रे ठेवलाय, एकेक पांढरं ओतून गोठवते, वर तारीख लिहिते. नुसत्या फ्रीजमध्ये झाकून दोन-तीन दिवस राहतं, डीप फ्रीझरमध्ये काही महिने. चार साठले की आदल्या रात्री फ्रीजमध्ये सोडायचे, सकाळी नेहमीच्या तापमानाला येऊ द्यायचे आणि दुप्पट वजनाची साखर घालून मरँग (फेटलेल्या पांढऱ्याचा हलका गोड पदार्थ). गोठवलेलं पांढरं ताज्याइतकंच छान फुलतं, फक्त त्यात बलकाचा थेंबही जाता कामा नये, म्हणून अंडं वेगळं करताना आधी एका छोट्या वाटीत काढ.